जाणत्याच्या संगतीनें वास्तुदर्शन

शाळेची सहल ठरली कीं विद्यार्थ्यांच्या अंगांत उत्साह संचरतो आणि शिक्षकांच्या कपाळावर आठ्या उमटतात. गाडीची वेळ, शिध्याची व पाण्याची सोय, मोजून नेलेलीं मुलें मोजून परत आणण्याची काळजी, ह्या सर्वांत सहलीचा मूळ हेतु बहुधा घरींच राहून जातो. प्राचीन लेणीं, मंदिरें, किल्ले व चर्चें पाहण्यास आपण जातों, तेथें पोंचतों आणि तेथून सुखरूप परतहि येतों. परंतु तीं आपण पाहतों काय? हा प्रश्न मला माझ्याच एका चुकीनें शिकविला, म्हणून ती चूक प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी चाळीस मुलांस घेऊन कार्ल्याचें लेणें पाहावयास गेलों होतों. पायऱ्या चढून दमलेलीं मुलें चैत्यगृहांत शिरलीं, आंत आवाज घुमतो हें ध्यानांत येतांच ओरडूं लागलीं, छायाचित्रें काढलीं, आणि पाऊण तासांत बाहेर येऊन डबे उघडून बसलीं. मीहि पाठ्यपुस्तकांतील चार वाक्यें सांगून मोकळा झालों. दुसऱ्या दिवशीं निबंध तपासावयास घेतले, तों जवळजवळ प्रत्येकांत ‘हें लेणें फार प्राचीन असून प्रेक्षणीय आहे’ असें वाक्य आढळलें. तें वाक्य माझेंच होतें. ह्याहून वाईट गोष्ट म्हणजे, एका मुलानें खिळ्यानें तेथील भिंतीवर आपलें नांव कोरलें होतें. मी त्याला रागें भरलों, शिक्षाहि केली. पण रात्रीं विचार करूं लागलों तेव्हां वाटलें, ती भिंत म्हणजे काय हें ज्याला कोणीं सांगितलेंच नाहीं, त्याला ती पाटीसारखी वाटली तर अर्धा अपराध सांगणाराचा नव्हे काय?

दोन वर्षांनीं मी पुन्हां त्याच वाटेनें गेलों. ह्या खेपेस विद्यार्थी अठराच होते, आणि बरोबर एक सेवानिवृत्त स्थापत्यविशारद होते. त्या दोन प्रवासांतील अंतर किती मोठें होतें, आणि तें कशामुळें पडलें, हें समजावून सांगणें हाच ह्या लेखाचा हेतु आहे.

जाणत्या मनुष्यासह प्रवास करण्याची चाल कांहीं नवी नाहीं. आपल्याकडे क्षेत्राच्या ठिकाणीं यात्रेकरूस क्षेत्रोपाध्याय भेटतो, आणि आधीं कोठें जावें, काय पाहावें, हें सांगतो. वाट एकट्यालाहि चालतां येते. परंतु वाटेचा अर्थ जाणत्याकडून कळतो, हें तत्त्व त्यांत आहे. युरोपांतहि सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडमधील धनिक घराण्यांतील तरुण शिक्षण पुरें करण्यासाठीं इटलीपर्यंत प्रवास करीत, आणि त्यांच्यासोबत बहुधा एक विद्वान शिक्षक असे. इनिगो जोन्स हा इंग्रज कलावंत १६१३-१४ सालीं एका उमरावाच्या मंडळीबरोबर इटलींत हिंडला, तेव्हां पल्लादिओ ह्या थोर इटालियन स्थपतीचा वास्तुशास्त्रावरील ग्रंथच त्याचा वाटाड्या होता. ग्रंथांतील आकृति आणि समोरचे दगड तो ताडून पाही व पानांच्या समासांत टिपणें करी. तीं टिपणें असलेली प्रत ऑक्सफर्ड येथील वुस्टर कॉलेजांत आजहि जतन केलेली आहे. स्वदेशीं परतल्यावर त्यानें लंडनमध्यें बॅंक्वेटिंग हाउस हें प्रसिद्ध मंदिर १६१९ ते १६२२ ह्या काळांत उभारलें. तें त्या डोळस प्रवासाचेंच फळ होय.

परंतु असा प्रवास श्रीमंतांसच साधत असे. सामान्य जनांस समुदायानें व अल्प खर्चांत प्रवास घडवावा, ही कल्पना पुढें टॉमस कुक ह्यानें रूढ केली. तो बाप्टिस्ट पंथाचा उपदेशक असून लांकडाचें काम करून पोट भरीत असे. ५ जुलै १८४१ रोजीं मद्यपाननिषेधाच्या सभेसाठीं त्यानें सुमारें ५०० लोकांस लेस्टर येथून लफबरो येथें रेल्वेनें नेलें. भाडें माणशीं एक शिलिंग होतें. पुढें १८६४ पासून तो आपल्या प्रवाशांस इटलींतहि नेऊं लागला. विद्वानाची संगत आणि समुदायांत वांटून घेतलेला खर्च, ह्या दोहोंचा मेळ घातला म्हणजे ज्यास आज ‘वास्तुदर्शनाची सहल’ म्हणतात ती सिद्ध होते. एखादा स्थापत्यविशारद किंवा इतिहासज्ञ पुढें असतो, आणि पंधरावीस जिज्ञासु मंडळी त्याच्यामागें एकेक इमारत समजून घेत हिंडतात.

आतां आमच्या प्रवासाकडे वळूं. आम्ही मळवली स्टेशनावर उतरलों, तेव्हां मुलांची नजर कार्ल्याच्या डोंगराकडे लागली होती. परंतु आमच्या मार्गदर्शकांनीं आम्हांस नेमकें उलट दिशेस, भाज्याच्या लेण्याकडे, नेलें. ‘‘धाकट्याचें मोठेपण समजावयाचें असेल तर आधीं थोरल्याची ओळख करून घ्यावी,’’ एवढेंच ते म्हणाले. भाज्याचें चैत्यगृह इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील मानतात. कार्ल्याचें त्यामागून झालें. कोणती इमारत आधीं पाहावी व कोणती नंतर, ह्यांतच अर्धें शिक्षण आहे, हें मला त्या दिवशीं प्रथम उमगलें.

पायथ्याशीं एका झाडाखालीं त्यांनीं प्रत्येकाच्या हातीं एकेक कागद दिला. त्यावर त्या चैत्यगृहाचा नकाशा होता. ‘‘इमारत जमिनीपासून हातभर उंचीवर आडवी कापली आणि वरून पाहिली तर जें दिसेल तें हें चित्र,’’ असें त्यांनीं सांगितलें. मग वर गेल्यावर हुकूम झाला कीं, पंधरा मिनिटें कोणीं बोलावयाचें नाहीं. जें विचित्र वाटेल तें कागदावर टिपावें. आम्ही आंत गेलों. सुमारें ६० फूट लांबीचें तें सभागृह, टोंकाशीं स्तूप, आणि दोहों बाजूंस साधे अष्टकोनी खांब. त्यांस ना तळाशीं बैठक, ना माथ्यावर नक्षी. पंधरा मिनिटें संपल्यावर एक विद्यार्थिनी भीत भीत म्हणाली, ‘‘सर, हे खांब सरळ नाहींत. आंतल्या बाजूस कललेले दिसतात.’’

तें खरेंच होतें. मागच्या खेपेस मला शंभर प्रश्न विचारले असते तरी हा प्रश्न निघाला नसता. मार्गदर्शकांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं दोन मुलांस समोरासमोर उभें केलें, हात वर करून तळहातांस तळहात टेकावयास लावले, आणि त्या जुळलेल्या हातांवर वरून भार दिला. दोघांचेहि पाय बाहेरच्या बाजूस घसरूं लागले. ‘‘कमानदार लांकडी छप्पर आपल्या खांबांस असेंच बाहेर ढकलतें. म्हणून शहाणा सुतार खांब आंत कलते करून पुरतो,’’ ते म्हणाले. ‘‘पण येथें छप्पर म्हणजे अखंड डोंगर. तो कोणासहि ढकलीत नाहीं. मग हे खांब कां कलले?’’ बऱ्याच वेळानें उत्तर मुलांतूनच आलें. ज्यांनीं हें लेणें कोरलें त्यांच्या डोळ्यांपुढें लांकडी सभागृह होतें, आणि त्याचा घाट त्यांनीं खडकांत जसाच्या तसा उतरविला. दर्शनी भागाकडे पाहिलें तर तेथें दगडाची भिंतच नाहीं. लांकडी काम बसविण्याच्या खोबणी मात्र राहिल्या आहेत. लांकूड काळानें खाल्लें. त्याची आठवण खडकानें जपून ठेविली.

मग इंद्रायणीचें खोरें ओलांडून आम्ही कार्ल्यास गेलों. तेथें तिसऱ्या प्रहरीं पोंचावयाचें, हेंहि आधींच ठरलेलें होतें. कारण त्या चैत्यगृहाचें तोंड पश्चिमेकडे आहे, आणि उतरतें ऊन दर्शनी भागावरील घोड्याच्या नालाच्या आकाराच्या भव्य गवाक्षांतून आंत येतें. दारापाशींच एकवीरादेवीचें मंदिर आहे. दर्शनास आलेल्या कोळी व आगरी भाविकांची गर्दी होती. त्यांचा खोळंबा होणार नाहीं अशा रीतीनें आम्ही बाजूस थांबलों. दुसऱ्याच्या उपासनेच्या जागीं कसें वागावें हेंहि वास्तुदर्शनाचेंच अंग आहे, आणि ख्रिस्ती शाळेच्या मुलांनीं तर त्यांत उणें पडतां कामा नये.

कार्ल्याचें सभागृह सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असून उंचीहि जवळजवळ तितकीच आहे. दोहों बाजूंस पंधरा पंधरा खांब आहेत. त्यांच्या तळाशीं कुंभ आणि माथ्यावर गुडघे टेकून बसलेल्या हत्तींवरील स्त्रीपुरुषांच्या जोड्या आहेत. स्तूपाच्या मागील सात खांब मात्र अगदीं साधे आहेत. मुलांनीं ताबडतोब ताडलें कीं, येथील खांब सरळ उभे आहेत. भाज्याच्या कारागिरास दगडाचा जो भरंवसा नव्हता तो येथें आलेला आहे. तरीसुद्धां छताकडे पाहावें तों तेथें खऱ्या सागवानी लांकडाच्या वांकविलेल्या फासळ्या बसविलेल्या! त्यांवर छताचा रतिमात्र भार नाहीं; डोंगर स्वतःच्याच बळावर उभा आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें तें लांकूड केवळ जुन्या घराच्या ममतेनें तेथें लावलेलें आहे.

दाराजवळ ब्राह्मी लिपींतील लहान लहान लेख आहेत. मार्गदर्शकांनीं त्यांतील नांवें वाचून दाखविलीं. धेनुकाकट नांवाच्या गांवच्या लोकांनीं येथें पुष्कळ दानें दिलीं. त्यांत यवन म्हणविणारे परदेशीय होते, सुगंधी द्रव्यें विकणारा सिंहदत्त होता, आणि दाराचें काम करणारा सामी नांवाचा सुतारहि होता. सकाळपासून ज्या लांकूडकामाचा आम्ही माग काढीत होतों, त्याचा एक कर्ताच जणूं नांव सांगून पुढें उभा राहिला. नासरेथच्या सुताराचे अनुयायी म्हणविणाऱ्या आम्हांस त्या नांवापुढें क्षणभर बोलवेना. मला त्याच वेळीं तो खिळा आठवला. ह्या भिंतीवर नांव असण्याचा अधिकार सामीनें कष्टानें व सिंहदत्तानें दानानें मिळविला. आमच्या मुलानें नांव कोरलें तें मात्र त्या दोघांच्या कष्टावर व दानावर.

पुढच्या हिवाळ्यांत हेच गृहस्थ आम्हांस मुंबईस घेऊन गेले. पूर्वीं बोरीबंदर किंवा व्हिक्टोरिया टर्मिनस, आणि १९९६ पासून छत्रपति शिवाजी ह्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें तें रेल्वेचें भव्य मंदिर रोज लक्षावधि लोक पाहतात. म्हणजे त्यावरून नजर फिरवून गाडी पकडतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यानें त्याची योजना केली. काम १८७८ सालीं सुरू होऊन सुमारें दहा वर्षांनीं संपलें. आम्हांस आधीं रस्त्यापलीकडे उभें करून त्यांनीं विचारलें, ‘‘कार्ल्यास फासळ्या पाहिल्यात, येथें कोठें दिसतात काय?’’ मुलांनीं घुमटाकडे बोट दाखविलें. तो अष्टकोनी घुमट दगडी फासळ्यांचा आहे. परंतु ह्या फासळ्या शोभेच्या नव्हत. सारा भार त्या वाहतात. घुमट बांधतांना खालून लांकडी सांगाड्याचा आधार न देतां हें काम सिद्धीस नेलें, ही त्या काळीं मोठ्या कौतुकाची गोष्ट मानली गेली. डोंगरांत कोरलेलें घर आणि दगडावर दगड रचून उभारलेलें घर, आकार सारखा दिसला तरी दोहोंचा स्वभाव किती निराळा, हें एका प्रश्नानें मुलांच्या ध्यानीं आलें. मग जवळ जाऊन त्यांनीं पानें, फुलें, मोर व वानर ह्यांचें कोरीवकाम पाहिलें. तें पुष्कळसें सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचें आहे हें ऐकून माझे विद्यार्थी जरा ताठ उभे राहिले! ह्या इमारतीस २००४ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. पण त्या दिवशीं आम्हांस तो मान कोणीं दिलेला असा वाटला नाहीं. तो का दिला हें समोर दिसत होतें.

ह्या अनुभवावरून अशा सहलीचे कांहीं नियम मला कळले आहेत. ते इतर शिक्षकांच्या उपयोगी पडतील म्हणून लिहितों. पहिला नियम, मंडळी वीसांहून अधिक नसावी. सर्वांस ऐकूं गेलें पाहिजे व सर्वांस दिसलें पाहिजे. दुसरा, एका दिवसांत दोनच वास्तु घ्याव्या, आणि त्या अशा निवडाव्या कीं, एकीनें दुसरीवर प्रकाश पाडावा. तिसरा, इमारत प्रथम दुरून, मग सभोंवतीं फिरून, आणि शेवटीं आंत जाऊन पाहावी. चौथा, प्रत्येक वास्तूस पांच प्रश्न विचारावे: ही कशाची केली? भार कोठून कोठें उतरतो? उजेड कोठून येतो? कोणासाठीं व कोणत्या कामासाठीं केली? आणि मागाहून तींत काय बदललें? पांचवा, कामें वांटून द्यावीं. एकानें पावलांनीं अंतर मोजावें, एकानें रेखाटन करावें, एकानें उजेडाची नोंद घ्यावी, एकानें तेथील रहिवाशांस विचारपूस करावी. समुदायानें जाण्याचा खरा लाभ हाच कीं, अठरा जोडी डोळे एका इमारतीवर फिरतात, आणि एकाचें चुकलेलें दुसऱ्यास सांपडतें.

येथें एक शंका कोणी घेईल. जाणता मनुष्य बरोबर असला तर विद्यार्थी त्याच्याच डोळ्यांनीं पाहूं लागणार नाहींत काय? हा धोका खरा आहे. सारखें बोलत राहणारा विद्वान हा मुक्या भिंतीपेक्षां मोठा अडथळा होतो. म्हणून मार्गदर्शक निवडतांना त्याची पदवी पाहण्यापूर्वीं त्यास गप्प राहतां येतें कीं नाहीं, हें पाहावें. आपल्या देशांतील लेण्यांचा पद्धतशीर अभ्यास आरंभींच्या काळांत ज्यानें केला तो जेम्स फर्ग्युसन हा मूळचा निळीचा व्यापारी होता. पुष्कळ ठिकाणीं हिंडून, तुलना करून, मोजमापें घेऊन त्यानें १८४३ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें ह्या विषयावर निबंध वाचला. त्याचे कांहीं निष्कर्ष पुढील पंडितांनीं बदलले, आणि तसें होणें योग्यच आहे. आमच्या मार्गदर्शकांचा मला सर्वांत आवडलेला गुण हाच होता. कार्ल्याच्या नेमक्या कालाविषयीं मुलांनीं विचारलें तेव्हां पंडितांत मतभेद आहे असें सांगून त्यांनीं दोन्ही बाजू मांडल्या व निकाल दिला नाहीं.

प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं आपल्या देशांत १९५८ चा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनें संरक्षित स्मारकास इजा करणारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कायदा असावाच. परंतु प्रत्येक खांबाजवळ शिपाई उभा करतां येत नाहीं. कार्ल्याहून परततांना एका अनोळखी लहान मुलाच्या हातांत टोंकदार खडा होता. तो भिंतीकडे वळला, तेव्हां आमची तीच विद्यार्थिनी पुढें झाली. ती त्याला रागावली नाहीं. त्याचा हात धरून तिनें त्याला दाराजवळच्या अक्षरांपाशीं नेलें आणि म्हणाली, ‘‘हें बघ, हें एका सुताराचें नांव आहे.’’ खडा केव्हां खालीं पडला तें त्या मुलास कळलेंहि नसावें. जें मला रागें भरून साधलें नव्हतें तें तिला एका वाक्यांत साधलें, कारण त्या भिंतीची ओळख तिला झाली होती.

दूर जाण्यास पैसा नसेल, स्थापत्यविशारदाची ओळख नसेल, तरी निराश होण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवांत एखादें जुनें चर्च, मंदिर, मशीद, वाडा किंवा विहीर असेलच. आणि एखादा वृद्ध गवंडी किंवा सुतारहि असेल. त्याला सन्मानानें बोलवावें, आपण वहीपेन्सिल घेऊन त्याच्यामागें चालावें, आणि ही कमान पडत कां नाहीं, असें त्याला विचारावें. तो जें सांगेल तें कदाचित् कोणत्याहि पुस्तकांत सांपडणार नाहीं. येत्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें करावें व पुढील अंकासाठीं लिहून आणावें. मात्र ‘फार प्राचीन व प्रेक्षणीय’ हे शब्द ज्या निबंधांत आढळतील तो निबंध परत केला जाईल, हें आतांच सांगून ठेवतों!